उशिरा पोचणारा कान

हाक कुठून आली, हे कस्तुरीला कधी कळायचं नाही. कुणीतरी हाक मारली हे कळायचं, कुणी मारली हेही बहुतेक वेळा कळायचं. पण आईनं स्वयंपाकघरातून बोलावलं की ही बाल्कनीत जाऊन उभी राहायची. वर्गात बाई मागच्या बाकांपाशी उभ्या राहून बोलू लागल्या की ही खिडकीकडे बघायची. आवाज यायचा, पण त्याला पत्ता नसायचा.

कस्तुरी पाटणे अकरा वर्षांची होती. साताऱ्यात गोडोलीकडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आई-बाबांबरोबर राहायची. जन्मापासून तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. दोन वर्षांची असताना तिच्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं (हे यंत्र आवाजाचं विजेच्या बारीक ठिणग्यांत रूपांतर करतं आणि त्या थेट कानाच्या नसेला पोचवतं). डाव्या कानाला थोडंसं ऐकू यायचं, म्हणून तिथे साधं श्रवणयंत्र होतं (बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडणारं). दर सहा महिन्यांनी दोन्ही कानांची तपासणी व्हायची. उजवा कान पास, डावा कानही पास. मग दोन चांगले कान असताना आवाजाची दिशा का कळत नाही, हे कोडं काही सुटत नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत खाली गाड्या लावायच्या जागेत मुलांनी आंधळी कोशिंबीर मांडली. कस्तुरीवर राज्य आलं. डोळ्यांवर रुमाल बांधला, सगळ्यांनी चारी बाजूंनी तिला हाका मारल्या, आणि ती दोन्ही हात पुढे करून जोरात चालत सुटली ती सरळ खांबावर जाऊन आपटली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या विहंगनं धावत जाऊन पाणी आणलं. ते न हसणंच तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुस्तक घेऊन जिन्यात बसू लागली आणि आपल्याला खेळायचा कंटाळा आलाय असं सांगू लागली.

बाबा नगर वाचनालयात ग्रंथपाल होते. तिथे आता पुस्तकांबरोबर आवाजही घरी न्यायला मिळायचे: आठवडे बाजाराचे, समुद्राचे, बंद पडलेल्या गिरण्यांचे. त्यात कोयनेच्या जंगलातल्या पहाटेचा एक तास होता, आणि त्या तासात शीळकरी कस्तूर होता. हा निळसर काळा पक्षी ओढ्याकाठी बसून माणसासारखी शीळ घालतो. बाबांनी तरुणपणी एका पहाटे तो ऐकला होता आणि मुलगी झाली तर नाव कस्तुरी ठेवायचं, हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे मुलगी झाली, नाव ठेवलं, आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की तिला ऐकू येत नाही.

हे सगळं कस्तुरीला आईकडून कळलं होतं. म्हणून बाबांनी जेव्हा हॉलमध्ये पाच स्पीकर आणि कोपऱ्यात जाड आवाजाचा एक ठोकळा बसवला, तेव्हा ते कुणासाठी आहे, हे तिला न सांगता समजलं. बाबांनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि जंगल सुरू केलं. ओढा, पानं, शीळ. बाबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. तो आता मागे आहे बघ, आता डोक्यावरून डावीकडे उडाला, असं ते हळूच सांगत होते. कस्तुरीला शीळ ऐकू येत होती, पण ओढा, पानं आणि पक्षी हे सगळं एकाच गोळ्यासारखं समोर कुठेतरी पडलं होतं. बाबांनी विचारलं, कळतंय ना? ती हो म्हणाली. ते मागे बघायचे तेव्हा तीही मागे बघायची, ते डावीकडे बघायचे तेव्हा तीही डावीकडे.

रोज संध्याकाळी हेच चालायचं. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले की अजून सगळं नीट जुळलेलं नाही, स्पीकरच्या दुकानातून आवाज जुळवणारा यंत्रमानव मागवू या. कस्तुरीला एकदम आशा वाटली. कदाचित दोष तिचा नसेलच, स्पीकरचा असेल.

शनिवारी यंत्रमानव आला. तो पाण्याच्या जारएवढा होता, खाली चाकं, पोटावर छोटा पडदा. डोक्यातून लांब, लवचीक दांडी निघाली होती आणि तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा माइक. दुकानदारानं त्याचं नाव समेळ ठेवलं होतं. समेळनं आल्याआल्या पंखा, फ्रिज आणि खिडक्या बंद करायला सांगितल्या आणि घरात एकाहून जास्त माणसं नकोत असंही नम्रपणे सुचवलं. मग आई-बाबा पिशव्या घेऊन भाजीला गेले. खुर्चीत कस्तुरी बसली.

समेळनं माइक तिच्या डोक्याशेजारी, कानांच्या उंचीवर आणला. पहिल्या स्पीकरमधून एक आवाज निघाला. रिकाम्या माठात बोलावं तसा जाड सुरू होऊन तो चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत गेला. मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. पुन्हा खुर्चीच्या अलीकडे-पलीकडे माइक नेऊन तेच. कस्तुरीनं विचारलं, हे कशासाठी?

समेळ म्हणाला की याला अंशशोधन म्हणतात (मोजमाप घेऊन उपकरण अचूक जुळवणं). आवाज स्पीकरमधून कधी निघाला हे त्याला ठाऊक असतं आणि माइकपाशी कधी पोचला हेही कळतं. मधला वेळ मोजला की अंतर निघतं, कारण हवेत आवाज एका सेकंदात सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो.

"तो खिडकीजवळचा स्पीकर बघ," समेळ म्हणाला. "तिथून आवाज यायला दहा मिलिसेकंद लागले (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). म्हणजे तो तीन मीटर चाळीस सेंटिमीटरवर आहे. आणि पुस्तकांच्या कपाटावरचा पाच मिलिसेकंदांत पोचला."

"म्हणजे बरोबर निम्म्या अंतरावर," कस्तुरीनं हिशेब केला. "मग खिडकीवाल्याला लवकर पाठवायचं का?"

"लांबच्याला पळवता येत नाही. आवाज आपल्या वेगानंच येणार. जवळच्याला मात्र थांबवता येतं."

हे त्यानं तिला माणसांच्या भाषेत समजावलं. तुझी एक मावशी पुण्याला आहे आणि एक वाईला, असं धर. दोघींनी बारा वाजता एकदमच दारात यायचं ठरवलंय. पुण्याची मावशी नऊला निघाली, तर वाईच्या मावशीनं अकराला निघायचं. तोवर तिनं घरी आरामात बसावं. कपाटावरच्या स्पीकरला समेळ पाच मिलिसेकंद घरी बसवणार होता. याला विलंब देणं म्हणतात (आवाज मुद्दाम थोडा थांबवून सोडणं).

मग त्यानं पुढची कामं केली. जवळचा स्पीकर साहजिकच मोठा वाटतो, म्हणून त्याचा आवाज थोडा उतरवला. कोपऱ्यातल्या ठोकळ्याचा जाड आवाज भिंतींवर आपटून घुमत होता, तो आवरला. समोरच्या उघड्या भिंतीवरून परावर्तन (आदळून परत येणारा आवाज) फार होतंय म्हणून तिथे एक गोधडी टांगायला सांगितली. कस्तुरीनं स्टुलावर चढून ती टांगली. तिला हे सगळं फार आवडत होतं. एवढ्या बारकाईनं मोजल्यावर काय बिशाद आहे आवाजाची चुकीच्या जागी जायची, असं तिला वाटत होतं.

"झालं," समेळ म्हणाला. "आता खोली अचूक आहे." आणि त्यानं जंगल सुरू केलं.

ओढा, पानं, शीळ. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण पुन्हा तोच गोळा, समोर कुठेतरी पडलेला. कस्तुरीचे डोळे भरून आले. समेळनं जंगल बंद केलं आणि काय चुकलं असं विचारलं.

माणसाला सांगता आलं नसतं ते तिनं यंत्रमानवाला सांगितलं. शीळ कुठून येते ते कळत नाही, खोटं हो म्हटलं, बाबांच्या डोळ्यांकडे बघून मान वळवली, आता जुळवून झाल्यावरही तसंच आहे, म्हणजे दोष माझाच आहे, आणि हे बाबांना कसं सांगू.

समेळनं सगळी मोजमापं परत एकदा तपासली.

"खोलीत दोष नाही," तो म्हणाला. "पण माझा माइक तुझ्या कानापर्यंतच येतो. त्याच्या पुढे काय होतं ते मी मोजलेलं नाही. न मोजता दोष कुणाचा ते सांगू नये."

कस्तुरीनं नाक पुसलं. तिनं विचारलं की कान आवाजाची दिशा ओळखतात तरी कसे? समेळनं सांगितलं की आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी लागतो आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानाला जरा उशिरा, जरा हळू. उशीर किती, तर फार झाला तर अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो.

कस्तुरीनं डाव्या कानामागचं श्रवणयंत्र चाचपलं.

"समेळ, हे मशीन आवाज आत घेतं, मोठा करतं, मग कानात सोडतं. त्यालाही वेळ लागत असेल ना?"

"लागत असणार."

"मोज."

तिनं श्रवणयंत्र कानातून काढलं. समेळच्या सांगण्यावरून कानात बसणाऱ्या साच्याचं भोक माइकच्या तोंडाशी धरलं आणि हात हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. आता तिला फक्त उजव्या कानानं ऐकू येत होतं. स्पीकरमधून तोच चढणारा आवाज निघाला. समेळच्या पोटावरच्या पडद्यावर एका रेषेतून दोन टेकड्या उगवल्या, आधी एक लहान आणि मग एक मोठी.

लहान टेकडी म्हणजे स्पीकरमधून थेट माइकपर्यंत आलेला आवाज, आणि मोठी म्हणजे श्रवणयंत्रातून फिरून आलेला. दोन टेकड्यांमध्ये सात मिलिसेकंद होते. तेवढ्या वेळात आवाज सुमारे दोन मीटर चाळीस सेंटिमीटर जातो, असं समेळ म्हणाला.

कस्तुरीनं उठून पावलं टाकून बघितलं. ती डावीकडच्या भिंतीपाशी जाऊन थांबली.

"म्हणजे माझा उजवा कान खुर्चीत बसलाय आणि डावा इथे भिंतीला टेकून उभा आहे."

"जर तुझा उजवा कान अजिबात वेळ घेत नसेल तर," समेळनं दुरुस्ती केली. "त्याचं मला मोजता येणार नाही. ते यंत्र आवाज बाहेर सोडतच नाही, नसेला ठिणग्या देतं. ते तुझ्या श्रवणतज्ज्ञांना विचारावं लागेल. आणि त्यांना विचारायचं तर..."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती.

आई-बाबा आले तेव्हा कस्तुरी दारातच उभी होती. पिशव्या खाली ठेवण्याआधीच तिनं सगळं सांगून टाकलं, कारण थांबली असती तर धीर गेला असता. बाबा कोथिंबिरीची जुडी हातात धरून ऐकत राहिले.

"आणि परवा तो पक्षी मागून ओरडला म्हणालीस ते?" त्यांनी विचारलं.

"तू मागे बघितलंस म्हणून."

बाबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "आवडत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग मी चहा केला असता, प्यालो असतो, आणि विचार करत बसलो असतो." मग ते म्हणाले, "माझ्याकडे बघण्यात तुझं लक्ष गुंतलं होतं. ऐकायला वेळच नाही मिळाला तुला." आईनं त्यांच्या हातातली जुडी काढून घेतली आणि श्रवणतज्ज्ञ मुजावर मॅडमना सोमवारची वेळ विचारायला फोन लावला.

फरजाना मुजावर या कस्तुरीच्या श्रवणतज्ज्ञ. ती पाळण्यात असल्यापासून त्या तिला ओळखत होत्या. समेळनं दिलेलं दोन टेकड्यांचं चित्र त्यांनी आधी उभ्यानं बघितलं, मग खुर्ची ओढून बसून बघितलं. इम्प्लांट बनवणाऱ्यांच्या तक्त्यात त्यांनी आकडा शोधला. उजव्या कानाला दीड मिलिसेकंद लागत होता, डाव्याला सात. मधला फरक साडेपाच. मेंदू ज्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकावरून दिशा शोधतो, त्याच्या दसपट मोठा गोंधळ तिच्या दोन कानांमध्ये इतकी वर्षं चालला होता.

"मी तुझे दोन्ही कान दर वेळी तपासले," मॅडम म्हणाल्या. "पण वेगवेगळे. एका वेळी एक. दोघांना शेजारी बसवून मी कधी काही विचारलंच नाही. हे माझ्याकडून राहिलं, कस्तुरी."

कस्तुरीनं विचारलं, डाव्याला पळवता येत नाही ना? मॅडम म्हणाल्या, नाही, त्याला आवाज साफ करायला तेवढा वेळ लागतोच. "मग उजव्याला थांबवा," ती म्हणाली. "साडेपाच."

मॅडमनी उजव्या यंत्राच्या सेटिंगमध्ये साडेपाच मिलिसेकंदांचा विलंब भरला. त्याआधी अर्धगोल मांडलेल्या सात स्पीकरांसमोर बसवून त्यांनी तिची परीक्षा घेतली होती. वीस आवाजांपैकी सहांची जागा तिनं बरोबर दाखवली होती. आता अकरांची दाखवली. बाबांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि आवाज होईल म्हणून तसेच धरून ठेवले.

मॅडमनी सांगितलं की ही जादू नाही. मेंदूला एका सवयीचा पत्ता बदलावा लागणार, त्याला दिवस लागतील. काही दिशा तिला कदाचित कायम अवघड जातील, विशेषतः गर्दीत. रोज थोडा वेळ डोळे मिटून ऐक, कुठून येतंय ते ओळख, मग डोळे उघडून पडताळून बघ.

घरी रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. बाबांनी स्वतःचेही डोळे मिटायचे, असा नियम आईनं घातला. पहिले चार दिवस गोळा गोळाच राहिला. पाचव्या दिवशी कस्तुरीला वाटलं की ओढा डावीकडे सरकलाय, पण खात्री नव्हती, म्हणून ती बोलली नाही. दहाव्या दिवशी ओढा नक्की डावीकडे होता आणि पानं मागे होती. मग शीळ वाजली. तिच्या उजव्या खांद्यामागे, अगदी जवळ वाटली. थोड्या वेळानं तीच शीळ डाव्या हाताला, ओढ्याच्या पलीकडून आली.

"उडाला," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात सरकत येऊन तिच्या हातावर पडला. तास संपेपर्यंत दोघं तशीच बसली. आईनं दिवा लावला नाही आणि जेवायलाही बोलावलं नाही.

मे महिना संपता संपता पुन्हा तपासणी झाली. या वेळी वीसपैकी सोळा बरोबर आले. चुकलेल्या चारही वेळी तिनं अगदी शेजारचा स्पीकर दाखवला होता, तिथे माझीही चूक होईल, असं मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडे अशी आणखी एकोणीस मुलं येत होती, एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्यात श्रवणयंत्र असलेली. जूनमध्ये त्या सगळ्यांना बोलावणार होत्या. यंत्रं बनवणाऱ्यांनाही त्यांनी लिहिलं होतं, की दोन कानांतली यंत्रं एकमेकांशी आपोआप जुळवून घेतील अशी सोय पहिल्या दिवसापासूनच करा, समेळ खोली जुळवतो तशी. त्या पत्राबरोबर दोन टेकड्यांचं चित्र होतं आणि ते कुणी काढायला लावलं, तिचं नावही होतं. मग त्यांनी कस्तुरीला विचारलं, लहान मुलं घाबरतात, जूनमध्ये तू येऊन त्यांच्याशी बोलशील का?

दवाखान्यातून बाबा आणि ती पायीच निघाली. ऊन कलतं होतं. विजेवरच्या रिक्षा आवाज न करता जात होत्या. बाबा रस्ता ओलांडायला वळले, पण कस्तुरी जागीच थांबली.

"तिकडे काहीतरी वाजतंय," ती म्हणाली आणि डावीकडे, पिवळ्या इमारतीच्या मागे बोट दाखवलं. "खूप लहान लहान घंटा. एकसारख्या."

बाबांनी कान दिला. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, निदान लक्षात तरी आलं नव्हतं. पण ती पुढे चालू लागली होती, म्हणून ते मागोमाग गेले. बोळ एका ठिकाणी फुटत होता. तिथे ती क्षणभर थांबली, मान जराशी फिरवली आणि उजवीकडे वळली. बोळाच्या टोकाला चिंचेच्या सावलीत रसवंती होती. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती आणि एक मावशी चरकात ऊस सारत होत्या.

दोघं बाकावर बसली. बाबांनी दोन ग्लास रस सांगितला, आल्याचा, बर्फ कमी. रस गार होता आणि कस्तुरीच्या वरच्या ओठावर फेस लागला होता. तो पुसायचं तिला भान नव्हतं. जूनमध्ये त्या मुलांना पहिलं वाक्य काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती. दोनदा मोडलं, पुन्हा जुळवलं. मग बाबांना म्हणून दाखवलं:

"घाबरू नकोस. तुझे दोन्ही कान चांगले आहेत. त्यांची फक्त एकमेकांशी ओळख करून द्यायची राहिलीय."